पाच मामांची पाचदा, बिनमामाचा एकदाही नाही

अंबड,
१८ जानेवारी २००३

तीर्थस्वरूप श्रीपतीमामा यांच्या पायांवर भाचा मच्छिंद्र याचं डोकं.

(डोकं टेकू द्यायचं का पाय मागं घ्यायचे, ते तुमच्या मर्जीवर. पत्रातून मला एवढंच करता येतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा थंडीत जास्त होतो, त्यांना गार पाण्यात हात घालू देऊ नका. इकडं सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बरं काही नाही. आईची पाठ दुखते, पण ती दुखते असं तुम्हाला कळवू नको म्हणून तिनं सांगितलंय, तेव्हा कळवत नाही. फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला तुम्ही "कोण?" विचारलंत, मी "मच्छिंद्र, अंबडहून" म्हणालो, आणि तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलात. पोस्टमनला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

जाफराबादच्या बाजारात एव्हाना तुमच्या कानावर आलंच असेल की नंदाबाईच्या पोरानं समाजाच्या वधू-वर पुस्तिकेचा सत्यानाश केला. बाजारात गोष्ट जाताना वाटेत तिला दोन-चार शेपट्या फुटतात, म्हणून जे झालं ते मीच लिहितो. वाचून मग जे म्हणायचं ते म्हणा. आपल्या माणसानं बराबर माहिती घेऊन शिव्या द्याव्यात, एवढीच इच्छा.

तर दसऱ्याच्या आधी काकासाहेब माझ्या कंप्युटर क्लासवर आले. (काकासाहेब म्हणजे तेच, ताईच्या लग्नातले. मानाचा पहिला फेटा मामाचा, हे अख्ख्या मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला कळतं, पण फेटे बांधणाऱ्याला कळलं नाही. काकासाहेब समोरच खुर्ची टाकून बसलेले, त्यानं त्यांच्याच डोक्याला सुरुवात केली. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, "आजपासून माझं नाव कुठं लावू नका" म्हणालात आणि जीपमध्ये जाऊन बसलात. आई जीपच्या मागं वेशीपर्यंत अनवाणी पळाली होती. तुम्ही पुढच्या सीटवर होतात, तुम्हाला दिसली नसेल.) काकासाहेब आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते ज्या गावात जातात तिथं एखादं मंडळ असतंच, आणि नसलं तर संध्याकाळपर्यंत होतं. म्हणाले, "मच्छिंद्रा, जिल्ह्यातल्या आपल्या सगळ्या लेकरांची पुस्तिका काढून राह्यलो. कंप्युटरवर. इंग्रजीत." इंग्रजीत का, तर समाज पुढं गेल्यासारखा दिसतो. आता ज्या घरात ती वाचायची तिथं म्हातारीला मराठी वाचून दाखवायलाही शेजारचं पोर बोलवावं लागतं, पण अध्यक्षांना कोण सांगणार. फोटो छापायचे नाहीत, असा ठराव झाला. पोरींचे फोटो गावभर फिरतात म्हणे. (पोरांचे फिरले तर काय होतं, ते ठरावात नव्हतं.)

मी फॉर्म केला. नाव, गाव, शिक्षण, उंची, जन्मसाल, मामाचं नाव आणि मामाचं गाव. मामासाठी एकच चौकोन ठेवला होता, तिथूनच भांडणाला तोंड फुटलं. तीन मामा असतील तर थोरल्याचं नाव लिहायचं का शिकलेल्याचं? एका घरात म्हणे धाकट्या मामाचं नाव राहिलं म्हणून दिवाळीला बहिणीला कोणी आणायलाच आलं नाही. शेवटी मी मामांची वेगळी यादी केली. एका यादीत मुलं-मुली, दुसऱ्या यादीत मामा, आणि छापायच्या वेळी कंप्युटर दोन्ही याद्या एकमेकींना जोडणार. या जोडण्याला आमच्या धंद्यात जॉइन म्हणतात. जोडायला दोन्हीकडं सारखी काही तरी खूण लागते. मी म्हणालो, प्रत्येक लेकराला एक नंबर देऊ आणि त्याच्या मामांपुढं तोच नंबर लिहू, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "समाजाच्या लेकरांना नंबर? कैदी हायेत का बाजारातली ढोरं? नावावरून जोड!" मी समजवायला गेलो तर म्हणाले, नाव काय कमी असतं का, आपल्यात नावालाच किंमत. मामा, मी तिथंच उठायला पाहिजे होतं. पण उठून जायचा गुण आपल्या घराण्यात सगळा तुमच्याच वाट्याला आला.

पहिली प्रत निघाली तेव्हा काकासाहेब खुशीत. मंडळाच्या ऑफिसात टेबलावर ठेवून तिच्यावर हात फिरवत होते. केवढी जाड झाली, समाज केवढा वाढला! जालन्याच्या एका सभेत त्यांनी वाढलेला समाज जाहीरही करून टाकला. मग द्वारकाबाई आल्या. त्यांची बेबीनंदा पुस्तिकेत पाच ठिकाणी होती. तेच नाव, तेच गाव, तीच उंची, एकाखाली एक पाचदा. द्वारकाबाई ऑफिसच्या दारातूनच कडाडल्या, "माझी पोरगी एक हाय! लोकं विचारून राह्यले, पाच डाव सोयरीक मोडली का म्हणून!"

झालं असं होतं की बेबीनंदाला मामा पाच. कंप्युटरला तुम्ही म्हणता, ही पोरगी आणि हे मामा जोड. तो एका मामापुढं पोरीची एक ओळ लिहितो, दुसऱ्या मामापुढं पुन्हा तीच पोरगी. पाच मामा म्हणजे पाच बेबीनंदा. त्याची काही चूक नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. आपल्याकडं एवढं इमान माणसात उरलेलं नाही. दुबार ओळी काढून टाकायचा हुकूम असतो, तोही मी देऊन पाहिला. एक ओळ हलली नाही. बिलकुल सारख्या असल्या तरच त्या दुबार, आणि इथं प्रत्येक ओळीत मामा वेगळा. कंप्युटर म्हणतो, यात एकसारखं काय आहे, सांगा? काकासाहेबांनी मार्ग काढला: "मंग चार मामा काढून टाक." त्या पाचांतल्या कोणत्या चौघांना मी काढू, असं विचारल्यावर ते चहा सांगायला बाहेर गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत.

आता माझ्याकडून जे झालं ते ऐका. छापखान्याची घाई, काकासाहेबांचे फोन, मेळाव्याची तारीख डोक्यावर. मी कंप्युटरला म्हणालो, एका नावाची एकच ओळ कर. त्या नावाच्या जेवढ्या ओळी असतील त्यांतून प्रत्येक रकान्यात जे सगळ्यांत मोठं तेवढं ठेव. मामांतला एकच उरत होता तेवढं सोडलं तर बेबीनंदापुरतं हे बराबर होतं. गाव पाचही ओळींत एकच, उंचीही एकच, मोठं-छोटं निवडायला होतंच काय? पुस्तिका बारीक झाली, काकासाहेबांचं तोंडही बारीक झालं, आणि छापून ती जिल्हाभर गेली. वाढलेला समाज परत कमी झाला, तो मात्र त्यांनी कुठं जाहीर केला नाही.

पण आपल्या जिल्ह्यात शिवकन्या रामकिसन गाडेकर या नावाच्या मुली दोन आहेत, हे ना मला ठाऊक होतं ना कंप्युटरला. एक अंतरवाली सराटीची, डी. एड. झालेली. दुसरी तुमच्या जाफराबादची, दहावी. दोघींच्या बापांचं नाव रामकिसन. देवानं एकाच दिवशी नावांचा साठा संपवला असावा. नंबर असता तर दोघी दोन राहिल्या असत्या. नावावरून जोडल्यामुळं आधी दोघींचे मामा एकमेकींना लागले (ह्या पोरीला त्या पोरीचे मामा), आणि मग माझ्या हुकमानं दोघींची मिळून एकच झाली. गाव जाफराबादचं, कारण इंग्रजी अक्षरांत ते अंतरवालीच्या नंतर येतं, आणि जे नंतर येतं त्यालाच कंप्युटर मोठं समजतो. शिक्षण डी. एड., कारण तिथं आकड्यांनंतर अक्षरं येतात आणि दहावी मी आकड्यात लिहिली होती. उंची जिची जास्त तिची. अशी एक उंच, शिकलेली, जाफराबादची शिवकन्या पुस्तिकेत उभी राहिली, जी पृथ्वीवर कुठंच नव्हती.

तिला बघायला जालन्याहून जीप भरून माणसं गेली. मुलगा सरकारी नोकरीत, त्यांना शिक्षिका पाहिजे होती. रामकिसन गाडेकरांनी घर सारवून घेतलं, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या. पोरीनं पोहे आणून दिले. मुलाच्या आईनं विचारलं, कोणत्या शाळेवर आहेस? ती म्हणाली, कोणत्याच नाही, दहावी झाल्यावर घरीच आहे, शेतातलं बघते. मग पर्समधून पुस्तिका निघाली. भरल्या बैठकीत वाचून दाखवली. मुलाच्या मावशीनं पोरीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि आपल्या साडीच्या पदरानं मापलं. उंचीही कमी भरली. "मंग हे खोटं लिव्हलं का तुम्ही?" असं विचारून ती माणसं उठली. पोह्यांना कोणी हात लावला नाही. जीपला गल्लीत वळायला जागा नव्हती म्हणून ती मागं-मागं गेली, आणि तेवढा सगळा वेळ गल्ली दारात उभी राहून बघत होती.

चार दिवसांनी ते सगळे माझ्या क्लासवर आले. रामकिसन, इथं अंबडला राहणारा पोरीचा मामा पुंजाराम, आणि स्वतः शिवकन्या. माझ्या पोरा-पोरींची बॅच चालू होती. मला वाटलं बाप हात उगारेल. तो नुसता बाकावर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बोलली ती.

"माझी उंची कुठून आणली तुम्ही?"

मी सांगितलं, दुसरी एक शिवकन्या आहे, अंतरवालीची.

"मंग तिची तिला परत द्या. मला माझी पुरंल."

मी पडद्यावर दोन्ही याद्या काढून दाखवल्या. कसं जोडलं, कुठं चुकलं, सगळं सांगितलं. (क्लासमध्ये मी हे इतकं चांगलं कधी शिकवलेलं नाही. सगळी बॅच टायपिंग सोडून ऐकत होती.) मी म्हणालो, हे बघा, त्या लोकांनी तुम्हाला नाकारलंच नाही. त्यांनी जिला नाकारलं ती मुलगी कुठं अस्तित्वातच नाही. मला वाटलं मोठं समाधान होईल असं बोललो.

ती म्हणाली, "नसायला काय झालं? पोहे तर म्याच दिले ना."

बापानं टोपी डोक्यावर घातली, म्हणाला, "चल." पुंजाराम जाताना एवढंच म्हणाला की तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय, एक बटन दाबलं का झालं.

बटन दाबून झालं नाही. काकासाहेबांना न विचारता मी प्रत्येक लेकराला नंबर दिला. फॉर्म पुन्हा काढून एकेका मामापुढं त्याच्या भाच्याचा नंबर लिहिला. एका लेकराचे सगळे मामा आधी एका ओळीत गोळा केले, मध्ये स्वल्पविराम देऊन, आणि मगच ती ओळ लेकराला जोडली, म्हणजे पाच मामा असोत का दहा, पोरगी एकदाच. दोन्ही शिवकन्या आपापल्या गावी, आपापल्या उंचीच्या झाल्या. हे करताना अजून एक गोष्ट दिसली, ती मला आधी दिसायला पाहिजे होती. ज्यांचा मामाचा चौकोन रिकामा, ती लेकरं पुस्तिकेत नव्हतीच. जोडायला पलीकडं कोणी नसलं की साधा जॉइन त्या माणसाला सरळ गाळून टाकतो. अशी बरीच होती. कोणाच्या आईला भाऊ नाही, कोणाचे मामा वारले. त्यांच्यासाठी वेगळा हुकूम आहे: पलीकडं कोणी असो नसो, अलीकडच्याला ठेव. तो दिला आणि सगळी परत आली.

त्यांत मीही होतो. माझा फॉर्म आईनं सांगून ताईनं भरला होता. जन्मसाल, शिक्षण, उंची, सगळं लिहिलेलं. मामाच्या चौकोनात काही नाही. ताईनं विचारलं होतं म्हणे, तेव्हा आई म्हणाली, "त्यानं सांगितलंय ना लावू नका म्हणून. मंग न्हाई लावायचं." तुमचा शब्द अख्ख्या जिल्ह्यात कोणी एवढा पाळला नसेल. पहिली पुस्तिका आली तेव्हा आईनं ती शेजारच्या मुलाकडून पान पान वाचून घेतली होती. मला वाटलं तिला स्थळं बघायचीत. ती मला शोधत होती.

मेळावा झाला. नवी पुस्तिका वाटली. काकासाहेबांनी जुनीची बदनामी माझ्या नावावर टाकली आणि नवीचं श्रेय घाम पुसत स्वतः घेतलं. मला स्टेजवर बोलावून सगळ्यांना दाखवलं: "हा पोरगा! तांत्रिक चूक याच्याकडून झाल्ती. समाजानं मोठं मन करावं." समाजानं मोठं मन करून टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरलो तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी शिवकन्या उभी होती. मामीच्या बाळंतपणासाठी ती क्लासवर आली तेव्हापासून पुंजारामकडं अंबडलाच आहे, त्यांच्याबरोबर आल्ती. म्हणाली, "चूक एकट्याची होती का?" मी म्हणालो, नाही. "मंग वर तसं म्हणाले का न्हाई?" मी म्हणालो, सवय नाही. तेव्हा ती हसली. चौकटीला पाठ लावून मापल्यावर हसू नये असं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं.

असो. असं हे सगळं झालं. बाजारात याच्याहून वेगळं ऐकलं असेल तर ते खोटं समजा. अंतरवालीच्या शिवकन्येचं दुसरीकडं जमलं. त्याआधी तिला जालन्याचीच ती माणसं बघायला गेली होती, आणि तिनं त्यांना नाही म्हणून सांगितलं. जाफराबादच्या शिवकन्येचं अजून जमलेलं नाही. माझंही नाही. पत्राला दुसरं काही कारण नाही, सहज लिहिलं. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला (तुमची हरकत नसेल तर) भाचा,
मच्छिंद्र

ता. क. कारण आहे. पुंजारामच्या घरून माझ्याबद्दल विचारणं झालं. रामकिसन गाडेकर सगळ्याला तयार होते. पण पुस्तिकेत मामाचा रकाना रिकामा का, म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि कोणी तरी तुमचं नाव सांगितलं. ते तुम्हाला जाफराबादला सोसायटीच्या ऑफिसात भेटले. तुम्ही म्हणालात, "असला कोणी भाचा मला न्हाई." मामा, कंप्युटरनं मला गाळलं ते त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं म्हणून. तुम्हाला तर माणूस समोर बसून विचारत होता. आता गाडेकर म्हणतात, ज्याला सख्खा मामा ओळख देत नाही त्या घरात काही तरी असणार. त्यांचं काय चुकलं? पोरीला एकदा फसवलं गेलंय, ते आता बघून-सवरूनच पाऊल टाकणार. तुम्ही माझ्यावर माया करा असं मी म्हणत नाही. फक्त त्यांच्याकडं एकदा जा आणि म्हणा, "हाय. नंदीचा पोरगा हाय." बस. आईला मी हे लिहिलेलं नाही सांगितलं. ती म्हणेल, त्याला कशाला त्रास.

ता. क. दुसरा. वरचं सगळं शिवकन्येनं वाचलं. पत्र टाकायला निघालो तर पोस्टापाशी भेटली, म्हणाली दाखवा. तिचं म्हणणं, मामांना एवढं टोचून लिहिल्यावर कोण येईल, मला पत्र लिहिता येत नाही. आणि म्हणाली, "मामा येवो न येवो, मी हो म्हणलंय; बापाला तेवढं तुम्ही जाऊन सांगा, पोहे मी करते."

तर मामा, खरं तर तुमच्यावाचून आता काही अडलेलं नाही. पण रामकिसन गाडेकरांपुढं मी एकटा कसा बसू? तुम्ही काही बोलू नका, भाचा म्हणू नका, राँग नंबर म्हणालात तरी चालेल. नुसतं माझ्या बाजूला बसा. मला फार भीती वाटते.